बोरमाळ मोडण्याआधी

इचलकरंजीहून एका आईचं पत्र आलं आहे. लेक बी.कॉम. होऊन दीड वर्ष झालं, कापड निर्यात करणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्स असिस्टंट आहे, पगार १६,००० रुपये. आतापर्यंत तिथलं काम टॅलीवर चालायचं. आता कंपनी सॅप (खरेदी, साठा, विक्री आणि हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणते आहे आणि सहा जणांना दर शनिवारी ट्रेनिंग देणार आहे. त्याबदल्यात ‘दोन वर्षं नोकरी सोडणार नाही’ असं लिहून मागते आहे. तिकडे कोल्हापुरातला एक क्लास ९५,००० रुपयांत ‘सॅप फायको (म्हणजे सॅपचा हिशोबाचा भाग), शंभर टक्के नोकरीची हमी’ सांगतो. लेकीचं म्हणणं, नोकरी सोडते, क्लास करते आणि पुण्यात कन्सल्टंट होते. आईने शेवटी लिहिलंय, ‘माझी बोरमाळ आहे. मोडायला माझी ना नाही, पण पैसे पाण्यात जायला नकोत.’

ताई, नमस्कार.

बोरमाळ मोडू नका. निदान यंदा तरी नको. आणि लेकीला शनिवारचं एकही ट्रेनिंग चुकवू देऊ नका, घरी पाहुणे येणार असले तरी. जे शिकायला ती ९५,००० रुपये भरायला निघाली आहे, त्यातलं सगळ्यात मोलाचं तिच्या कंपनीत तिला फुकट मिळतं आहे. हे मी तुमच्या समाधानासाठी लिहीत नाही. सल्ला देण्याच्या कामात येण्याआधी मी स्वतः अकाउंट्समध्ये बारा वर्षं काढली आहेत, त्यातली शेवटची पाच सॅपवर.

सॅपवर दोन प्रकारची माणसं काम करतात. एक युजर, म्हणजे रोज बिलं चढवणारा, पेमेंट काढणारा, महिनाअखेर खाती बंद करणारा. दुसरा कन्सल्टंट. एखाद्या कंपनीची खाती, कर, मंजुऱ्या या सॉफ्टवेअरमध्ये कशा बसवायच्या ते तो ठरवतो आणि बसवून देतो. क्लासमध्ये शिकवतात ते बहुतेक हे दुसरं काम. पण समोरच्या कंपनीचा अकाउंट्सचा मॅनेजर जेव्हा म्हणतो, ‘आमच्याकडे सूत बाहेर रंगवायला जातं, ते परत येताना वजनात फरक पडतो, त्याची नोंद कुठे करायची?’, तेव्हा ज्याने आवक-जावक डोळ्यांनी पाहिलीच नाही तो गप्प बसतो. म्हणून कन्सल्टंट घेताना सहसा अनुभवी माणूस, सीए, कॉस्ट अकाउंटंट किंवा कारखान्यात काही वर्षं काढलेला माणूस बघतात. क्लास करून थेट पुण्यात गेलेल्या किती तरी मुलामुलींचे फोन मला येतात. ती हुशार असतात. मुलाखतीत ‘प्रोजेक्ट कुठे केला?’ या प्रश्नापाशी अडतात, आणि मग काही जणांना खोटा अनुभव लिहायचा सल्ला दिला जातो. तुमच्या लेकीला तशी वेळ यायला नको.

तिच्या कंपनीत येत्या काही महिन्यांत काय घडणार ते सांगते. टॅलीत आज ती काय करते? खरेदीचं व्हाउचर घालते, चुकलं तर आल्ट आणि डी दाबून पुसते. (एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहावी लागते, म्हणजे आता तेही गुपचूप होत नाही.) सॅपमध्ये पोस्ट झालेली नोंद पुसताच येत नाही, तिची उलट नोंद करावी लागते आणि दोन्ही नोंदी कायमच्या दिसत राहतात. शिवाय बिल एकटं चढत नाही. आधी खरेदीची ऑर्डर, मग गोडाऊनमध्ये माल आला की ‘मिगो’ या कोडने आवक, मग ‘मिरो’ या कोडने बिल. तिन्हीचा मेळ बसला नाही तर बिल अडकतं, पेमेंट थांबतं, व्यापारी फोन करत राहतो. हा मेळ बसवायला जी शिकते ती फक्त अकाउंट्स शिकत नाही. गोडाऊन, खरेदी, विक्री, सगळ्या कंपनीचं काम तिच्या हाताखालून जातं.

माझ्या एका जुन्या कंपनीत नवी प्रणाली सुरू झाली त्या दिवशी सुताचा सुरुवातीचा साठा चढवताना एका मालाचं एकक चुकलं. किलोच्या जागी बॅगा गेल्या. साठ्याची किंमत भलतीच दिसायला लागली आणि तीन रात्री आम्ही गोडाऊनचं रजिस्टर घेऊन एकेक ओळ ताळून पाहत होतो. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांना ती चूक सापडली नाही. गोडाऊनच्या क्लार्कला सापडली, कारण त्याला त्या मालाच्या बॅगेचं वजन तोंडपाठ होतं. पुढे त्याच माणसाला कंपनीने की-युजर केलं.

हा ‘की-युजर’ शब्द लेकीला सांगा. प्रत्येक खात्यातून एकदोन माणसं अशी निवडतात. नवं काही बसवलं की आधी ते तपासून पाहायचं, चुका लिहून द्यायच्या, मग बाकीच्यांना शिकवायचं, हे त्यांचं काम. या तपासणीला तिथे यूएटी म्हणतील. तिने साहेबांकडे जाऊन स्पष्ट सांगावं की यूएटीत मला घ्या, रविवारी यावं लागलं तरी येईन. आणि एक जाड वही करावी. कुठला कोड कशासाठी, कुठे काय चुकलं, कसं सुटलं, तारखेसकट. दोन वर्षांनी पुण्यातल्या मुलाखतीत सांगायला तिच्याकडे खरा प्रोजेक्ट असेल.

आता प्रमाणपत्राचं. ते निरुपयोगी आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. उलट आपल्या गावाकडच्या मुलांना त्याचा फार आधार होतो, कारण त्यांची शिफारस करणारं मोठ्या शहरात कोणी नसतं. फक्त ते कोणी दिलं आहे ते बघा. क्लास देतो तो कोर्स पूर्ण केल्याचा कागद. सॅपचं प्रमाणपत्र सॅप कंपनी स्वतःची परीक्षा घेऊन देते. ते ऑनलाइन पडताळून पाहता येतं आणि ठरावीक काळाने पुन्हा चाचणी देऊन चालू ठेवावं लागतं. क्लासला इतकंच विचारा: ९५,००० मध्ये सॅपच्या परीक्षेची फी धरली आहे का? आणि शिकवणार ती सॅपची जुनी आवृत्ती ईसीसी की २०१५ साली आलेली नवी, एस-फोर हाना? जुनीचा मुख्य सपोर्ट २०२७ अखेर संपतो आहे, त्यामुळे कंपन्या नवीकडे निघाल्या आहेत. यावर नीट उत्तर मिळालं नाही तर चहा पिऊन परत या.

‘शंभर टक्के हमी’बद्दलही सांगते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत निवडीची किंवा नोकरीची खोटी हमी देण्याला मनाई आहे. तक्रारीसाठी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पण पैसे भरून मग तक्रार करत बसण्यापेक्षा आधीच ‘हमी लेखी द्या, नोकरी नाही लागली तर किती पैसे परत ते लिहा’ म्हणा.

तोवर ऑफिसातल्या दुसऱ्या एका गोष्टीकडे तिने लक्ष द्यावं, ती म्हणजे एक्सेल. कंपनी सॅपवर गेली तरी साहेबांच्या टेबलावर शेवटी एक्सेलची शीटच जाते. जीएसटीचा तिला अनुभव असेलच. ११ तारखेपर्यंत विक्रीचं विवरण जीएसटीआर-१, २० पर्यंत कर भरण्याचं ३बी, आणि त्याआधी २बी मधली, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेली, बिलं आपल्या खरेदीशी जुळवण्याची धावपळ. ही जुळवणी ती नजरेने करते की एक्सेलमधले लुकअप (एका यादीतली नोंद दुसरीत शोधणारं सूत्र) आणि पिव्हट (आपोआप बेरजांचा गोषवारा) लावून? नजरेने करत असेल तर पहिली सुरुवात इथून. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर लिबरऑफिस कॅल्कचे धडे मराठीतून आहेत, फुकट. एक्सेलहून ते थोडं वेगळं दिसतं, पण सूत्रं मांडण्याची रीत तीच. हात बसला की मायक्रोसॉफ्टची एमओएस ही एक्सेलची परीक्षा द्यावी. त्यात वेळ लावून प्रत्यक्ष शीटवर काम करून दाखवावं लागतं, त्यामुळे घोकंपट्टी चालत नाही. पहिलं प्रमाणपत्र म्हणून मी हेच सुचवेन. सॅपचे प्राथमिक धडेही कंपनीच्या स्वतःच्या शिक्षण-संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. इंग्रजी जड वाटेल, पण शनिवारी शिकवलेलं रविवारी तिथे पुन्हा पाहिलं तर उलगडेल. एमएस-सीआयटी तिने केलीच असेल. सरकारी अर्जाला ती लागते, इथे तिचा फारसा उपयोग नाही.

राहिला तो दोन वर्षांचा कागद. ‘असले बाँड कोर्टात टिकत नाहीत’ असं तुम्हाला शेजारीपाजारी सांगतील. त्यावर विसंबू नका. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या सेवेची अट आणि ती मोडल्यास २ लाख रुपये भरण्याचं कलम वैध ठरवलं. ते सरकारी बँकेचं प्रकरण होतं आणि प्रत्येक करार वेगळा असतो, पण सही ही सही असते. म्हणून कागद घरी आणून वाचा. रक्कम किती लिहिली आहे? दोन वर्षं कधीपासून मोजणार, ट्रेनिंग सुरू झाल्यापासून की संपल्यापासून? आजारपण, लग्न करून गाव बदलणं, यांचा काही उल्लेख आहे का? कंपनीनेच कामावरून काढलं तर पैसे कोण भरणार? आणि मूळ मार्कशीट, सर्टिफिकेटं मागत असतील तर फक्त झेरॉक्स द्या, मूळ कागद देऊ नका. रक्कम अवाच्या सवा नसेल तर दोन वर्षं मला जाचक वाटत नाहीत. तेवढी वर्षं तिथे काढा असंच मी तिला सांगितलं असतं. फक्त तिने सही करतानाच विचारावं की ट्रेनिंगनंतर पगाराचं काय.

लेकीवर रागावू नका. पुण्याला जायची तिची इच्छा योग्य आहे. दोन वर्षांनी, हातात काम असताना, तेव्हा वाटलं तर सॅपची अधिकृत परीक्षा तिने स्वतःच्या पगारातून द्यावी. त्या वेळी क्लास लावायचा की नाही हेही तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळत असेल.

करारात रक्कम किती आहे ते वाचून मला कळवा. सही त्यानंतर करू द्या.