चाकूचं पातं तेलात विझवलं तरी त्यावर कानस चालते. काय चुकतंय?

रोज जवळ बाळगायचा छोटा चाकू तुम्ही हाताने बनवताय, पातं लालभडक करून तेलात बुडवलंत, तरीही कानस ते खातेच आहे, असं तुम्ही लिहिलंय. निराश होण्याआधी एक गोष्ट तपासा. भट्टीत तापताना पोलादाच्या अगदी वरच्या थरातला कार्बन जळून जातो आणि तेवढी साल मऊच राहते. एकाच जागी कानशीचे चार-पाच हात मारा. साल निघाल्यावर कानस काचेवरून घसरावी तशी सटकू लागली, तर पातं व्यवस्थित कडक झालेलं आहे.

खालीही कानस धरत असेल, तर मग पोलाद चुकलंय नाहीतर उष्णता. माइल्ड स्टीलमध्ये कार्बन जेमतेम ०.२ टक्के असतो. ते कितीही तापवा, धार धरण्याइतकं कडक होणार नाही. म्हणून भंगारातल्या अनोळखी पट्टीवर मेहनत घालू नका. पहिल्या चाकूला मी डोळे झाकून १०८४ नावाचं साधं कार्बन पोलाद सुचवेन. त्यात कार्बन ०.८४ टक्क्यांच्या आसपास असतो आणि घरच्या साधनांना ते सांभाळून घेतं. १०९५ या पोलादाचं नाव मोठं आहे, पण विझवताना ते साधारण सेकंदभरात साडेपाचशे अंशांच्या खाली उतरावं लागतं, आणि खायच्या तेलात ते दरवेळी साधेलच असं नाही. स्टेनलेस घरी करायच्या भानगडीत तूर्त पडू नका.

पोलाद १०८४ च असेल, तर माझा संशय उष्णतेवर आहे. ‘लालभडक’ हे माप होऊ शकत नाही. उजेडात काळपट दिसणारं पातं अंधारात चांगलं लाल दिसतं. बरेच जण लोहचुंबक लावून बघतात आणि तो चिकटेनासा झाला की लगेच विझवतात. चुंबक सुटतो साधारण ७७० अंशांना. १०८४ ला ८१५ च्या आसपास लागतात. मधले चाळीस-पन्नास अंश राहून गेले की पातं अर्धवट कडक होतं, आणि तुमचं बहुधा तेच झालंय.

यावर मला सर्वात भरवशाची वाटते ती सावली. भट्टी अंधाऱ्या जागी मांडा आणि पात्यावरून नजर हटवू नका. तापता तापता लाल रंगात एक काळसर सावली उमटते आणि पातळ धारेकडून जाड पाठीकडे सरकत जाते. पोलादाची आतली रचना बदलत असते, त्या बदलात उष्णता खर्ची पडते, म्हणून तेवढा भाग मागे पडलेला दिसतो. सावली पाठीतूनही पूर्ण निघून गेली, रंग टोकापासून मुठीपर्यंत एकसारखा झाला, की आणखी किंचित चढवा, दोनेक मिनिटं तिथेच राखा आणि मग विझवा. ही नजर बसवायला नॉर्मलायझिंग उत्तम: विझवण्याआधी पातं तीनदा तापवून, दर खेपेला थोडं कमी, हवेत काळं पडेपर्यंत निवू द्यायचं. कण बारीक होतात, ताण निघतो. निवताना तीच सावली उलटी दिसते, म्हणजे पातं मध्येच क्षणभर उजळतं. अंधारात ते फार सुंदर दिसतं.

तेल ५०-६० अंश गरम हवं. थंड तेल घट्ट असल्याने पात्यावरची उष्णता सावकाश ओढतं. धातूचं खोल भांडं घ्या, झाकण हाताशी ठेवा, कारण तेल पेट घेऊ शकतं. जुनं इंजिन ऑइल नको, त्याचा धूर विषारी असतो. पातं टोकाकडून सरळ आत घाला आणि हलवायचं तर धारेच्या दिशेनेच. आडवं हलवलं की वाकतं. धार विझवण्याआधीच बारीक करू नका, पाऊण मिलिमीटर तरी जाडी राहू द्या.

पातं हाताला सोसवेल इतकं निवलं की लगेच टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पुन्हा मंद तापवणं. काचेसारखं ठिसूळ झालेलं पातं उद्यावर टाकलं तर रात्रीत तडकू शकतं. ओव्हनमध्ये २०० अंशांना दोन-दोन तास, दोनदा. ओव्हनच्या बटणावरचा आकडा खरा मानू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. नंतर घासताना पातं उघड्या हाताने धरा आणि चटका बसण्याआधी पाण्यात बुडवा. धारेवर निळी झाक आली, तर तेवढी जागा मऊ पडली.

आत्ताचं पातं फेकू नका. धार अजून जाड असेल तर नॉर्मलाइज करून ते पुन्हा विझवता येतं. बारीक केली असेल तर ती आधी सपाट घासून जाडी परत मिळवा. पात्याची रुंदी थोडी घटेल, पण खिशातल्या चाकूला ती चालते.