लेथचं नंतर, आधी पॉलिसी

प्रश्न : मी कुडाळजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी सरकारी नोकरीतून निवृत्त झालो, येत्या महिन्यात साठ पूर्ण होतील. पेन्शन 32 हजार, खर्च 30 हजार, एफडी 14 लाख. रोज सकाळी पडवीत लाकूड कातत बसतो. ओला फणस आधी जाडसर कातून कागदी पिशवीत महिनोन्‌महिने सुकवतो, कारण घाई केली की वाडगा तडकतो. वर्षभरात 11 वाडगे विकले, 700 ला एक. सध्याच्या लेथवर (लाकूड कातायच्या यंत्रावर) आठ इंचांपेक्षा मोठा वाडगा होत नाही. नवा लेथ 1 लाख 80 हजारांना आहे. पर्सनल लोन काढू की एफडी मोडू? मोठे वाडगे विकून महिना 20 हजार सुटतील असं वाटतं. (पुढच्या महिन्यात पॉलिसीचा 3 लाखांचा तिसरा हप्ताही आहे, तो एफडीतूनच भरतो. बाकी विमा काही नाही.)

उत्तर : पत्रभर लेथ आणि पॉलिसी एका कंसात! मला त्या कंसाबद्दलच बोलायचं आहे.

सोबतचा कागद पाहिला. वर्षाला 3 लाख, दहा वर्षं. सत्तरीला 42 लाख. बँकेतल्या मुलाने ‘एफडीसारखीच, वर विमा फुकट’ म्हणून सही घेतली. फुकट कसला? हिशेब मांडला तर परतावा जेमतेम साडेचार टक्के पडतो. एफडी सात देते, ती मोडून तुम्ही साडेचारात घालताय. ओल्या फणसाला सहा महिने देणारा माणूस या कागदावर दहा मिनिटांत सही करतो, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

खरी गोम पुढेच आहे. व्याज धरूनही 14 लाखांतून आणखी पाच हप्ते कसेबसे निघतील. त्यापुढचा, 65 व्या वर्षी, कुठून भरणार? तोवर एफडी संपलेली, पॉलिसी अर्धवट, आणि हातात वाडगे.

तेव्हा तिसरा हप्ता भरू नका. पण रागाच्या भरात पॉलिसी मोडूही नका. तुमच्या कागदाप्रमाणे आज सरेंडर केली तर 3.6 लाख मिळतात. सात टक्क्यांनी दहा वर्षांत त्यांचे 7 लाख होतील. हप्ते थांबवून ती पेड-अप ठेवली, म्हणजे भरलेल्या दोन हप्त्यांपुरतीच चालू राहू दिली, तर सत्तरीला 8.4 लाख. म्हणून पेड-अप. हा आकडा कंपनीकडून लेखी घ्या, फोनवरच्या गोड बोलण्यावर जाऊ नका. विम्याचं कवच आटेल, आटू दे. वहिनींना फॅमिली पेन्शन आहे.

साठ पूर्ण झाले की पोस्टात जाऊन 10 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्याचा दर 8.2 टक्के, तिमाहीला साडेवीस हजार हातात. यातलं पहिलं काम दोघांचा आरोग्य विमा. वर्षाला 3 लाख हप्ता भरणाऱ्या घरात तो नसावा? या वयात हप्ता 50 हजारांच्या आसपास जाईल, आणि जुनी दुखणी अर्जात लपवू नका. उरलेले 4 लाख एफडीतच असू देत.

आता लेथ. लोन नाही. तेरा टक्क्यांनी तीन वर्षांचा हप्ता 6 हजार, तुमच्याकडे उरतात 2 हजार. आणि ते ‘महिना 20 हजार’ सोडून द्या. 700 च्या भावाने 20 हजार म्हणजे रविवारसकट रोज एक वाडगा विकला जायला हवा, तोही लाकूड, वीज, धार यांचा खर्च न धरता. मोठ्याला दुप्पट भाव आला तरी महिन्याला 14. वर्षभरात तुम्ही 11 विकलेत! सावंतवाडीच्या चितार आळीत पिढीजात लाखकाम करणारेही गिऱ्हाइकाची घासाघीस सोसतात.

छंद म्हणून घ्यायचा तर घ्या, मी अडवणार नाही. पण रोखीने, आणि लाखाच्या आत. जुना, चालू स्थितीतला मिळतो का बघा. पेड-अपचं पत्र हातात आल्याशिवाय मात्र एफडीतला रुपया हलवायचा नाही.