दीड वर्षाच्या मुलाला चहा-बिस्किट आणि संत्र्याचा रस द्यावा का?

चहा अजिबात नको. आजीने कितीही आग्रह केला तरी दोन घोटसुद्धा नाही. चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही, आणि या वयात लोह फार गरजेचं असतं. नागपुरात राहून संत्रं बंद करायची गरज नाही, पण रसापेक्षा बिया काढून फोडींचे बारीक तुकडे द्या. रस दिलाच तर दिवसाला १२० मिलीच्या आत, वाटीतून. बाटलीतून नको, दात किडतात. दोन वर्षांपर्यंत वरची साखर टाळा, म्हणजे क्रीमची बिस्किटं आणि संत्रा बर्फीही. दूध अर्ध्या लिटरवर गेलं की वरण-भाताची भूक मरते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे घशात अडकतात, पाच वर्षांपर्यंत कूट करूनच द्या. मेच्या उन्हात तहानेला साधं पाणी, नाहीतर पातळ ताक.