गिटार वाजवताना डाव्या हाताची बोटं तारांपासून लांब उडतायत?
भाऊ, बोटं उडतात कारण तू गरजेपेक्षा जास्त दाबतोयस, ताकद कमी पडते म्हणून नाही. तारेवर बोट नुसतं टेकव, वाजवत राहा अन् हळूहळू दाब वाढव, खरखर जाऊन सूर साफ आला की तिथेच थांब, तेवढाच दाब पुरे. बोट फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या गळ्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीला अगदी लागून मागे ठेवलं तर अजून कमी लागतो.

मग १-२-३-४ कर, म्हणजे तर्जनीपासून करंगळीपर्यंत एकेक बोट ओळीने पुढच्या फ्रेटवर ठेव, पण पहिल्या फ्रेटवरून नको, पाचव्यापासून, तिथे दोन फ्रेटमधलं अंतर कमी असतं त्यामुळे करंगळी ताणली जात नाही. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० ठोक्यांवर, एका ठोक्याला एकच सूर, आणि मेन म्हणजे पुढचं बोट ठेवलं तरी मागचं उचलायचं नाही, चारही बसलेली राहू दे. अनामिका आणि करंगळी सगळ्यांचीच एकमेकांना ओढतात, हाताची रचनाच तशी आहे, घाबरू नको. अंगठा सैल. मनगट दुखलं की थांबायचंच!

अन् आपल्या जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात घामाने बोटं घसरतात, तारा गंजतात, म्हणून वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसत जा, आणि दुपारी पत्र्याच्या खोलीत गिटार ठेवू नको, ब्रिजचा (खाली तारा अडकवतात त्या पट्टीचा) गोंद सुटू शकतो.