आधी दुडकी चाल पाहा

आमचा कारवान जातीचा कुत्रा दीड वर्षाचा आहे. शेतात सुसाट पळतो, पण दुपारी झोपून उठला की थोडा अडखळतो. पळताना काहीच जाणवत नाही. दुखत असेल का? (सांगली)

असू शकतं, आणि ते भरधाव पळताना दिसणार नाही. पळण्याच्या नादात कुत्रं दुखणं दाबतं, शिवाय त्या वेगात एकेक पाय डोळ्यांना टिपता येत नाही. त्याला सपाट, टणक जमिनीवर दुडक्या चालीने न्या. दुडकीत पुढचा एक आणि मागचा विरुद्ध बाजूचा पाय जोडीने पडतो, म्हणून डाव्या-उजव्याची तुलना सोपी होते. दोरी सैल हवी. ताणली, की मानेची हालचाल लपते.

मोबाइलवर स्लो मोशनमध्ये समोरून, मागून आणि बाजूने चित्रण करा. पुढचा पाय दुखत असेल, तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगल्या पायावर खाली येतं. मागचा दुखत असेल, तर त्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. हे चित्रण पशुवैद्यांना जरूर दाखवा, कारण दवाखान्यात बिथरलेलं कुत्रं पुष्कळदा नीट चालून दाखवतं. तोवर पळणं बंद. आणि घरातली आयबुप्रोफेनची गोळी कृपा करून देऊ नका, त्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना ती घातक आहे.

शर्यतीतून निवृत्त झालेली ग्रेहाउंड दत्तक घेतोय. या कुत्र्यांचा उजवा मागचा पायच जास्त मोडतो, हे खरं का? (मेलबर्न)

खरं आहे. शर्यती बहुधा घड्याळाच्या उलट दिशेने होतात, त्यामुळे प्रत्येक वळणावर उजव्या मागच्या घोट्यातलं मधलं हाड दाबलं जातं. रोजच्या त्याच ताणाने त्यात बारीक भेगा पडतात आणि एके दिवशी ते मोडतं. वळणावर माणूस वेग कमी करतो, ग्रेहाउंड करत नाही. २००५ साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार तिथे तिच्या पायांवरचा भार ६५ टक्क्यांनी वाढतो. वळणं रुंद न करता केवळ कुत्र्यांच्या तयारीवर बोलणं मला अन्यायाचं वाटतं. घरी आणताना त्या घोट्याचा एक्स-रे मागून घ्या.

आठ महिन्यांची बॉर्डर कॉली अॅजिलिटीच्या, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीच्या, उड्या मारू शकेल का? (पुणे)

पूर्ण उंचीच्या नाही. हाडांच्या टोकांची वाढ अजून चालू असते. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या अॅजिलिटी स्पर्धेतही १८ महिन्यांआधी उतरता येत नाही. सध्या जमिनीवर ठेवलेल्या काठ्या ओलांडू द्या.