सुपर ब्लॅकहॉकवर नक्षी कोरून घेण्यापूर्वी
रुगर कंपनीने १९५९ मध्ये आणलेल्या सुपर ब्लॅकहॉक या .४४ मॅग्नम शिकारी रिव्हॉल्व्हरवर आपण प्रथमच नक्षी कोरून घेणार असाल, तर सगळे पोलाद वेलबुट्टीने भरून टाकण्याचा मोह आवरावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्याच्या सिलिंडरवर, म्हणजे काडतुसे बसतात त्या फिरत्या नळकांड्यावर, पन्हळी नसल्याने तिथे अकँथसची (नक्षीकामात रूढ असलेली कातरलेल्या कडांची) पाने मोकळेपणी वळवता येतात; मात्र सिलिंडर अडवणाऱ्या खाचांच्या तळाशी पोलाद पातळ असते, तिथे छिन्नी मुळीच लावू देऊ नये. अनुक्रमांकालाही धक्का नको, कारण तो खोडणे अमेरिकेत गुन्हा आहे. पोलादावरचा निळा-काळा संरक्षक थर आधी उतरवून, कोरीव काम पूर्ण झाल्यावरच पुन्हा चढवावा. पानांमागची जमीन बारीक ठिपक्यांनी खाली दाबली, की वेल उठून दिसते, आणि माझ्या मते सोन्याच्या तारकामापेक्षा तीच अधिक शोभते.