दयामरण, इच्छामरण आणि भावकीतलं बोलणं

परभणीच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्या चुलत्यांचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात होता. शुद्धीत असताना चुलते स्वतःच म्हणाले, 'आता नळ्याबिळ्या नकोत.' डॉक्टरांनीही हात टेकले होते. घरच्यांनी व्हेंटिलेटर न लावता त्यांना घरी आणलं आणि थोड्याच दिवसांत ते गेले. आता भावकीत कुणी म्हणतं, 'पोरांनी दयामरण दिलं', कुणी म्हणतं, 'त्यानं इच्छामरण घेतलं'. यातलं बरोबर काय?

दोन्ही चूक. का, ते क्रियापदं बघितली की कळतं. दयामरण 'देतात', इच्छामरण 'घेतात' किंवा ते 'येतं'. 'त्यानं दयामरण घेतलं' हे कानाला खटकतं, कारण दयेला देणारा लागतो. रुग्ण काही बोलला नसला तरी तो शब्द चालतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या प्रकरणात वर्तमानपत्रांनी तो वापरला, तेव्हा त्या बोलण्याच्या स्थितीत नव्हत्याच. अर्ज दुसऱ्यानं केला होता. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये तो फेटाळला. केईएममध्ये इतकी वर्षं त्यांची सेवा करणाऱ्यांचा विरोध होता, ही गोष्ट त्यात महत्त्वाची ठरली. २०१५ मध्ये त्या न्यूमोनियानं गेल्या.

इच्छामरण म्हटलं की आपल्याला भीष्म आठवतात. पण शंतनूनं दिलेला वर 'मला आता मारा' असं म्हणण्याचा नव्हता. तो म्हणेल तेव्हाच मृत्यू येईल, असा होता. बाणांवर पडूनही भीष्म उत्तरायणाची वाट बघत राहिले. म्हणजे या शब्दाच्या मूळ गोष्टीत मरण लांबवलंय! आज आपण तो नेमका उलट्या कामाला लावतो.

आणखी एक प्रकार आहे, त्याला मराठीत रुळलेला शब्दच नाही. डॉक्टर औषध लिहून देतो, रुग्ण ते स्वतःच्या हातानं घेतो. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९९७ पासून हे चालतं, पण सहा महिन्यांच्या आत मृत्यू येईल असं निदान झालेल्यांसाठीच. 'साहाय्यित मृत्यू' हे जीआरमधलं मराठी वाटतं. मी 'मरणाला मदत' असं लिहीन. आपल्याकडे ही मदत म्हणजे आत्महत्येस प्रवृत्त करण्याचा गुन्हा ठरू शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ मध्ये त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नेदरलँड्समध्ये मात्र २००२ पासून ठरावीक अटी पाळून डॉक्टर स्वतः इंजेक्शनही देऊ शकतो.

भारतात परवानगी आहे ती वेगळ्याच गोष्टीला. बरं होण्याची आशा नसताना शरीर नुसतं चालू ठेवणारे उपचार सुरू न करणं, किंवा असलेले काढणं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं हे मान्य केलं, २०२३ मध्ये कार्यपद्धत सोपी केली. या निकालाच्या बातम्यांत 'निष्क्रिय दयामरण' असा शब्द आला. मला तो मुळीच पटत नाही. 'निष्क्रिय' म्हणजे आपल्याकडे हातावर हात धरून बसलेला, आणि 'मरण देणं' तर त्यात राहतंच. भावकीतल्या त्या टोमण्याचं मूळ इथं आहे.

मराठवाड्याला इच्छेनं देह ठेवणं नवं नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीला जैन मुनी आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये सल्लेखना घेतली, म्हणजे अन्नपाणी सोडत देह ठेवला. त्याला जैन लोक इच्छामरण म्हणत नाहीत, व्रत म्हणतात. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं हे व्रत आत्महत्या ठरवलं, तर त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली.

शब्दांच्या या काथ्याकुटात एक गोष्ट मात्र झाकली जाते. आपल्या भागात 'घरी नेतो' म्हणून सही करणारे किती तरी जण पैसे संपले म्हणून सही करतात. एक एकर विकून झालेलं असतं, दुसऱ्याला गिऱ्हाईक नसतं. ती दयाही नव्हे आणि इच्छाही नव्हे. 'माझ्यापायी लेकरांचं वावर जायला नको' म्हणून म्हातारा मरण मागतो, तेव्हा ती इच्छा त्याची की सावकाराची? मरणाला मदत कायदेशीर करावी असं म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी बराचसा आहे. असह्य दुखण्यात तळमळणाऱ्याला 'थांब' म्हणण्याचा हक्क मला वाटत नाही. पण या प्रश्नापाशी येऊन मीही अडखळतो.

तुमच्या चुलत्यांबाबत यातलं काही नव्हतं. भावकीला सरळ सांगा: 'त्यांनी नळ्या नको म्हणून सांगितलं, आम्ही घरी आणलं.' लिहायचंच झालं तर 'उपचार थांबवले' एवढं पुरे. आणि 'वेळ आली तर मला नळ्या नकोत' असं आधीच लिहून ठेवणारा कागद तुम्हाला स्वतःसाठी करायचा असेल, तर दोन साक्षीदार घेऊन नोटरीसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करा. त्याला 'वैद्यकीय इच्छापत्र' म्हणा. 'मृत्युपत्र' म्हणालात तर भावकी आधी सातबारा काढून आणेल.